कारणाचा रकाना

प्रफुल्ल गांगुर्डेला आरंभशूर म्हणावं, तर बाकीच्या आरंभशूरांना वाईट वाटेल. अंबडकडच्या एका कंपनीत बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळणारा हा चौतीस वर्षांचा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी स्वतःची ॲप बनवतो. बनवतो म्हणजे बनवायला घेतो. इगतपुरीच्या मामासाठी पाऊस मोजायचं ॲप घेतलं. त्याचं बोधचिन्ह इतकं देखणं झालं, की पुढे काही करायची गरजच त्याला वाटली नाही. सोमनाथ नावाच्या बागायतदार मित्रासाठी द्राक्षांच्या फवारण्यांची नोंदवही घेतली, तर ती होईपर्यंत सोमनाथने बाग तोडून टोमॅटो लावले. वडिलांना गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप अजून अर्ध्यावर आहे आणि वडील आईच्या एका हाकेसरशी गोळ्या घेतात. अशी एकूण अकरा भिजत घोंगडी त्याच्या लॅपटॉपमध्ये आहेत. त्यातल्या दहांचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. अकरावं मात्र त्याने चारचौघांत जाहीर केलं आणि तिथेच फसला.

इंदिरानगरच्या मागच्या अंगाला त्यांची कॉलनी आहे. पावसाळ्यातले वर्षावासाचे तीन महिने तिथल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. ज्या घराची पाळी असेल त्या घराने वाचायचं आणि जमलेल्या सगळ्यांसाठी खीर करून आणायची. पाळ्या लावायच्या सुलाबाईंनी, दर रविवारी, विहाराच्या फळ्यावर, खडूने. दोन वर्षांपूर्वी ऐन वर्षावासात प्रफुल्लची नोकरी गेली. पाच महिने तो घरी बसून होता, पण कॉलनीत ‘घरूनच काम चालतं’ असं सांगत होता. विहाराच्या बैठकीत कुणीतरी सहज विचारलं, "काय प्रफुल्ल, सध्या काय नवीन?" आणि ह्याच्या तोंडून निघून गेलं, "आपल्या पाळ्यांचं ॲप करतोय. सगळं मोबाईलवर दिसेल." टाळ्या पडल्या. एकदा टाळ्या पडल्या की माणसाला शब्द मागे घेता येत नाही.

पुढे नोकरी मिळाली, ॲप मात्र अडलं. अडलं ते पाळी बदलण्यापाशी. ‘पाळी बदला’ हे बटण दाबलं की ‘कारण’ नावाचा रकाना यायचा आणि तो भरल्याशिवाय काही पुढे सरकायचं नाही. कुठलं कारण चालेल, कुठलं नाही, हे ठरवायला तो नियम विचारत सुलाबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "नियम काय नाय बाबा. बघून करायचं." आता कॉम्प्युटर बघून कसं करणार? म्हातारीला ॲप नकोच आहे, असा ह्याने समज करून घेतला आणि कामाला जी खीळ बसली ती बसलीच.

इकडे जो भेटेल तो विचारायचा, घोडं कुठं पेंड खातंय? प्रफुल्लने विहार टाळला, मग विहाराची गल्ली टाळली. गेल्या वर्षी अख्ख्या वर्षावासात तो एकदाही गेला नाही. आई एकटीच पांढरी साडी नेसून जायची. लहानपणापासून तिच्या शेजारी बसून ऐकलेलं वाचन आपण एका ॲपपायी घालवलं, हे त्याला फार लागत होतं.

यंदा वर्षावास ज्या आषाढी पौर्णिमेला सुरू होतो, तिच्या आधीच्या रविवारी त्याची बायको मनाली म्हणाली, "अहो, एक तर ते करा, नाहीतर होत नाही म्हणून सांगून मोकळे व्हा."

"होत आलंय."

"दोन वर्षं झाली, होतच आलंय!"

प्रफुल्लने चपला घातल्या. वाटेत तीन सबबी तयार केल्या आणि तिन्ही स्वतःलाच पटल्या नाहीत.

विहारात सुलाबाई एकट्याच होत्या, फळ्यावर नावं लिहीत. "जयभीम, मावशी," म्हणून तो कोपऱ्यात बसला. तो तोंड उघडणार तोच दारात संजना आली, चौथ्या गल्लीत राहणारी. "मावशी, माझी गुरुवारची पाळी पुढं घ्याल का?" इतकंच म्हणाली. सुलाबाईंनी "बरं" म्हटलं, अंगठ्याने नाव पुसलं आणि तिथे दुसरं लिहिलं. संजना निघूनही गेली.

"कारण नाही विचारलंत?" प्रफुल्लने विचारलं.

"कशाला? सांगायसारखं असतं तर तिनंच सांगितलं असतं." सुलाबाई हातावरचा खडू झटकत म्हणाल्या, "तू घरी बसला होता ना, तवा तुझी आई अशीच त्या दारात उभी राह्यची. चार डाव पाळी हलवली मी तुमची. मी काय ते वळखलं, पण इचारलं नाय, तिनं सांगितलं नाय. कॉलनीत कोणाला कळलं का?"

प्रफुल्लला हे ठाऊकच नव्हतं. चाळीस घरांच्या पातेलंभर खिरीचं दूध तेव्हा कुठून आलं असतं, हे त्याने कधी मनातही आणलं नव्हतं. त्याला आपला तो रकाना दिसला. आईने त्यात काय लिहिलं असतं? आणि ते सगळ्या कॉलनीच्या मोबाईलवर उमटलं असतं! आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या आळशीपणाचे पाय धरावेसे वाटले.

"मावशी," तो म्हणाला, "ते ॲप होणार नाही. मी सोडून दिलं."

सुलाबाई मटकन पायरीवर बसल्या. "खरं सांगतो?"

"खरंच."

"बाबा रे, जीव भांड्यात पडला माझा! दोन वर्षं झाली, आज येतंय का उद्या येतंय म्हणून घोर लागला होता. तू एवढ्या हौसेनं करतोय, तुला नको कसं म्हणू?"

दोघंही इतके हसले की बाहेरच्या पोरी डोकावून गेल्या. पौर्णिमेला वाचन सुरू झाल्यावर प्रफुल्ल आईच्या शेजारी जाऊन बसला. आईने सतरंजीवर जरा सरकून जागा केली आणि उशीर का झाला ते विचारलं नाही.