वाढत्या अंगाचं घर

माझे धाकटे दीर शिंपी आहेत. मी शाळेत शिकवत होते तेव्हा त्यांनी शिवलेला गणवेश वर्गाच्या दारातूनच ओळखायची. ‘हात वर करा’ म्हटलं की बाकीच्या मुलांचे हात वर जात आणि भाऊजींच्या गिऱ्हाइकांच्या नुसत्या बाह्या वर जात. आत कुठेतरी हात असेलच, असं धरून मी उत्तर विचारत असे.

“मूल वाढतं, वहिनी. कापड थोडंच वाढतं?” हे त्यांचं म्हणणं. शिवणीच्या आत जी जादा पट्टी सोडतात तिला शिंपी लोक माया म्हणतात. इतर शिंपी ती बोटभर सोडतात. भाऊजी सोडतात त्या मायेतून उद्या एखादी बंडी निघावी. स्वतःच्या लेकीच्या बाबतीत तर त्यांच्या हाताला धरबंधच नव्हता. तिचे लहानपणीचे फोटो पाहिले की वाटतं, एक फ्रॉक उभा आहे आणि त्यातून कोणीतरी मुलगी डोकावून बघते आहे. फ्रॉक अंगाला येईपर्यंत त्याचा रंग उडालेला असायचा. ती आता दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि कपडे चांगले घट्ट घालते.

आम्ही एकाच घरात राहतो. वर आम्ही, खाली ते, आणि रस्त्याच्या बाजूला त्यांचं दुकान. माझी जाऊ बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. दिवसभर लोक विचारतात आणि ती सांगते. विचारलं तेवढंच, त्याहून एक शब्द जास्त नाही. घरीही तिचा तोच रिवाज. मीठ कुठे आहे विचारलं तर मिठाचा डबा कुठे आहे ते सांगेल. डबा रिकामा आहे, हे वेगळं विचारावं लागतं.

तर गेल्या वर्षी भाऊजी प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे कोटाचं माप घ्यायला गेले. तिथे भिंतीलगत काचेच्या पेट्या होत्या आणि पेट्यांत टॅरंटुला. म्हणजे केसाळ, जाडजूड पायांचे कोळी. मोठे झालेले तर तळहात भरून उरतील असे. दुसरा कोणी असता तर टेप तिथेच टाकून पळाला असता. भाऊजी काचेला नाक लावून उभे राहिले. काळ्यावर तांबूस झाक मारणारी ती लव पाहून म्हणाले, सगळा जन्म कापडात गेला, पण असला पोत काही हाताला लागला नाही. प्राध्यापकांना हे फारच आवडलं. कोट नेताना (तो अर्थातच सैल होता) त्यांनी एक पिल्लू भाऊजींना भेट दिलं. वाटाण्याएवढं होतं, भोकं पाडलेल्या लहानशा डबीत.

भाऊजींनी तिचं नाव मखमल ठेवलं. ती मादीच कशावरून, असं मी विचारलं, तर म्हणाले, “आता नाव ठेवून झालं.”

जावेनं एकच अट घातली. डबीच्या आत आहे तोवर राहू दे. एकदा जरी बाहेर निघाली, तर त्याच दिवशी प्राध्यापकांकडे परत. अट घालताना तिचा आवाज खिडकीतला होता, म्हणजे त्यावर बोलणं संपलं. पण मला ती हळूच म्हणाली होती, “लेक गेली म्हणून लोक मांजर पाळतात, ताई. आमच्याकडे बघा.” आणि संध्याकाळी कामावरून आली की चप्पल काढता काढता विचारायची, “तुमची धाकटी जेवली का?”

मखमल जेवत होती, कात टाकत होती आणि वाढत होती. पाय पसरले की डबीच्या भिंतींना टेकायला लागले, तेव्हा नवीन घराचा विषय निघाला. प्राध्यापकांनी नीट समजावून सांगितलं होतं. पेटी तिच्या पायांच्या पसाऱ्याच्या तिप्पट, त्याहून मोठी नको, कारण मोठ्या जागेत पिल्लाला आपलं खाणं सापडत नाही. खाली ओलसर भुसा भरपूर, वर मोकळी उंची अगदी थोडी, कारण उंचावरून पडली तर तिचं पोट फुटतं. भाऊजी मान डोलावत होते. पण त्यांची मान आणि त्यांची कात्री यांचं एकमेकींशी बोलणं नसतं, हे त्यांच्या कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारा.

दुकानात टाय आणि रुमाल मांडायची एक जुनी काचेची पेटी होती, तान्ह्या मुलाला झोपवता येईल एवढी. ती त्यांनी पुसून लख्ख केली. “एकदाच काय ते घर करू. वाढत्या अंगाची आहे ती,” असं म्हणून त्यांनी तीत नारळाच्या शेंड्यांचा भुसा भिजवून, पिळून, थापून थापून भरला. उंचीचं तेवढं त्यांनी ऐकलं, भुसा भरपूर घातला. कोपऱ्यात लपायला झाडाच्या सालीचा बाकदार तुकडा ठेवला आणि पाण्यासाठी बाटलीचं झाकण. नवीन जागी तिला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून तीन बाजूंना बाहेरून काळ्या अस्तराचा पडदा लावला. वरचं झाकण म्हणजे जाळीची टोपी, काठाला इलॅस्टिक ओवलेली. ती बसवल्यावर एका कोपऱ्यात ढगळ राहिली. मी तिथे नुसतं बोट ठेवलं.

“धुतली की आटेल,” भाऊजी म्हणाले.

जाळी नायलॉनची होती.

मग मखमलचं स्थलांतर झालं. जाऊ कामावर होती, म्हणून झाकण धरायचा मान माझा. भाऊजींनी डबी नव्या पेटीत आडवी ठेवली, खडूची भुकटी झाडायचा मऊ ब्रश घेतला आणि तिच्या मागच्या पायांना हलकेच लावला, नव्या नवरीला उंबरठ्याशी कोपरानं ढकलतात तसा. ती दोन पावलं पुढे आली, थांबली आणि त्या विस्तीर्ण भुशाकडे बघत राहिली. तिला काय वाटलं कोण जाणे. मला त्या बाह्या आठवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी जिना चढून वर आले आणि आमचे हे वर्तमानपत्रात असल्याची खात्री करून माझ्या कानाशी म्हणाले, “वहिनी, ती नाहीये.”

पेटी जशीच्या तशी होती. भुसा, साल, पाणी, सगळं जागच्या जागी, फक्त मालकीण बेपत्ता. एक तर तिनं भुशात बीळ करून तोंड बंद करून घेतलं असेल. कात टाकायच्या आधी हे कोळी असं करतात, हे भाऊजींना माहीत होतं. किंवा त्या ढगळ कोपऱ्यातून ती घरात आली असेल. उकरून बघावं, तर बिळात कात टाकत असलेली मखमल धक्क्यानं मरेल. न उकरावं, तर ती कदाचित कपाटाखाली असेल आणि आधी जावेलाच दिसेल. मग अटीप्रमाणे मखमल गेलीच. “तुम्ही काही बोलू नका,” त्यांनी मला बजावलं. “मी गुपचूप शोधतो.”

भाऊजींचं गुपचूप शोधणं साऱ्या गल्लीला दिसलं. समोरच्या न्हाव्याची विजार दुरुस्तीला आली, ती त्यांनी आधी उलटी करून झटकली. एका पोलिसाचा गणवेश शिवून तयार होता. तो हातात देण्यापूर्वी त्याचे सगळे खिसे त्यांनी दोनदा चाचपले, तेव्हा पोलिसानं विचारलं की हे काम इथे नक्की कोणाचं आहे. रिळांचे डबे उपडे झाले, मशीन आडवं झालं.

संध्याकाळी जाऊ आली तेव्हा ते कपाटाखाली पोटावर होते.

“काय शोधताय?”

“अंगुस्तान,” खालून आवाज आला. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात टोपी घालतात, ती.

“बोटात आहे.”

“दुसरं.”

दुसऱ्या दिवशी येताना ती नवं अंगुस्तान घेऊन आली आणि त्यांच्यासमोर ठेवलं. त्या संध्याकाळी भाऊजी इस्त्रीच्या टेबलामागे होते. “आता काय?” तिनं विचारलं. तेच, म्हणाले. तिनं आणखी एक आणलं. चहा ओतताना मी पाहिलं, तिचा चेहरा अगदी कोरा होता. निळ्या काठाच्या कपांतला एक कप कमी होता, म्हणून तिनं स्वतः पेल्यात चहा घेतला. कप कुठे गेला विचारलं तर म्हणाली, कामाला लागलाय.

पेटीत खायला म्हणून सोडलेला रातकिडा मात्र खुशीत होता. एवढ्या ऐसपैस जागेत त्याला खाणारं कोणी भेटलंच नव्हतं. दिवेलागणीला तो गायला लागला की भाऊजींचा घास हातात राहायचा.

शेवटी मी त्यांना प्राध्यापकांना फोन करायला लावलं. प्राध्यापकांनी पेटीचं माप विचारलं. ते ऐकून त्यांनी तेच पुन्हा एकदा विचारलं. मग म्हणाले की उकरू नका, वाट बघा, आणि रातकिडा आधी बाहेर काढा. कात टाकताना ती मऊ असते, तो तिलाच कुरतडेल. त्या मैदानात रातकिडा धरता धरता भाऊजींना घाम फुटला.

ते डगमगले ते एका लहानशा गोष्टीनं. एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन झबली शिवायला आली आणि त्याला तिनं कापडाच्या ढिगावर निजवलं. मखमल चावली तरी मधमाशीएवढंच, असं प्राध्यापकांनी सांगितलं होतं. तरी भाऊजींनी मुलाला चटकन उचलून तिच्या हातात दिलं, दुकान बंद आहे म्हणाले आणि खरंच फळी लावली. मग जाऊ येईपर्यंत ओट्यावर बसून राहिले. मीही तिथेच होते, आधाराला म्हणा किंवा बघायला म्हणा.

“मखमल पेटीत आहे की घरात आहे, मला माहीत नाही,” ती उंबऱ्यात पाऊल टाकते तोच ते म्हणाले. “झाकण सैल शिवलं गेलं. मिळाली की मी स्वतः तिला परत पोचवून येतो. लोकांची मुलंबाळं येतात इथे.”

जावेनं पिशवी खाली ठेवली. “हे सांगताय की विचारताय?”

भाऊजी गोंधळले. “विचारतोय.”

“मग विचारा.”

“मखमल कुठे आहे?”

“पेटीत. मागच्या काचेला, डावीकडे, सालीच्या खाली. अस्तर उचला म्हणजे दिसेल.”

भाऊजींनी अस्तर उचललं. काचेला लागून अंगठा मावेल एवढी पोकळी होती, आतून पांढऱ्या धाग्यांनी लिंपलेली, आणि तीत मखमल उताणी पडलेली.

“मेलेली नाही,” जाऊ म्हणाली. “सकाळी उताणी झाली. मरतात तेव्हा पाय पोटाशी मुडपलेले असतात.”

हे तिला प्राध्यापकांनीच सांगितलं होतं. ते रोज तिच्या स्थानकावरून बस पकडतात. त्या खिडकीच्या आतून बाहेर प्रश्न गेला, असं त्या दिवशी प्रथमच घडलं असावं.

“आणि ते झाकण बघा.” भाऊजींनी पाहिलं. ढगळ कोपऱ्याला एक चूण घालून पांढऱ्या दोऱ्यानं जाड टाके मारलेले होते. पहिल्याच संध्याकाळपासून ते तिथे होते आणि गावभरची शिवण तपासणाऱ्या या माणसाच्या नजरेतून सुटले होते.

“टाके वाकडे आहेत,” ते क्षीण आवाजात म्हणाले. मग म्हणाले, “अगं, पण मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही अंगुस्तान विचारलंत. अंगुस्तान दिलं.”

कात पडताना आम्ही तिघं जमिनीवर बसून बघत होतो. आधी पाठ उकलली, मग एकेक पाय जुन्या पायातून अलगद निघाला, मोज्यातून निघावा तसा. बाहेर आलेली मखमल फिकट होती, ओली आणि चांगली थोराड. एवढी ती त्या जुन्या कातीत मावली कशी, हेच कळेना. नवी कात आत घडी घालून तयारच असते म्हणे.

“पुरता घट्ट होईपर्यंत जुनाच घालते,” भाऊजी पुटपुटले.

“आणि मग अंगाबरोबर बसेल असा नवा,” जाऊ म्हणाली. तिनं भिंतीवरच्या लेकीच्या फोटोकडे पाहिलं नाही. भाऊजींनी पाहिलं.

मखमल टणक झाल्यावर तिला लहान पेटी केली. माप जावेनं सांगितलं आणि आखताना ती शेजारी उभी राहिली. खडू रेघेच्या बाहेर जायला लागला की ती खाकरायची. झाकण असं बसलं की काढायला नखाचा जोर लागावा. भाऊजींनी आयुष्यात शिवलेली ती पहिली अंगाबरोबर बसणारी वस्तू. पुढच्या आठवड्यात लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला तिचं आत्ताचं माप विचारलं आणि जसं सांगितलं तसं, इकडे तिकडे न करता, लिहून घेतलं.

अटीचं काय झालं, हे राहिलं. “ती बाहेर आली होती का गं?” असं भाऊजींनी एकदा विचारलं. “पेटीतच सापडली ना तुम्हाला?” जाऊ म्हणाली. प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. भाऊजींना ते पुरलं. मला पुरलं नाही.

मोठी पेटी हलवताना मागे तो निळ्या काठाचा कप निघाला, उपडा, खाली पोस्टकार्डाचा पुठ्ठा सरकवलेला. पाल किंवा झुरळ असं धरून बाहेर नेतात, अगदी तसा. आतल्या बाजूला कोळ्याचा एक पांढरा धागा चिकटलेला होता. माझ्या जावेला झुरळाचीसुद्धा भीती वाटते. झुरळ दिसलं की ती मला हाक मारते.

कप घेऊन मी मोरीशी गेले. ती भांडी घासत होती. “त्या पहिल्या संध्याकाळी मखमल बाहेर कुठे होती?” मी विचारलं.

तिनं माझ्या हातातून कप घेतला, आतला धागा बोटानं पुसला आणि कप विसळून बाकीच्या कपांत नेऊन ठेवला.

“ताई,” ती म्हणाली, “खिडकी बंद झाली आता.”