होल्काबच्या हरणांना नववा गडी मिळेना

एर्मिला कुमूलच्या गिरणीत पहाटे पाचपासून बायकांची रांग लागायची. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका बादल्यांतून यायचा, ओलं पीठ होऊन परत जायचा, आणि सात वाजेपर्यंत होल्काब गावात चुलीचुलीवर तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, फुगायला लागायच्या. एर्मिलाचं वय एकसष्ट. त्यातली छत्तीस वर्षं या गिरणीत गेलेली. गावात सगळे तिला मानाने दोन्या म्हणत. बादली हातात घेतली की त्या घरात आज किती माणसं जेवणार हे तिला कळायचं. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाचा नवरा रुसून आईकडे जेवतोय, सगळं.

त्या गुरुवारी तिने नेयदीची बादली उचलली आणि ती भलतीच हलकी लागली.

"अर्धीच?"

"अर्धी पुरते आता," नेयदी म्हणाली.

"कधी गेला?"

"काल दुपारच्या गाडीने. प्लायाला. हॉटेलात माळीकाम मिळालंय."

"रविवारची सुट्टी आहे का त्याला?"

मागच्या बायका खो खो हसल्या. "हिचा नवरा गेला समुद्रावर, आणि दोन्या एर्मिलाला रविवारची पडलीय!"

नेयदीलाही हसू आलं. पदरासारखा रेबोसो ओढून घेत ती म्हणाली, "मंगळवारची आहे, दोन्या. रविवारी हॉटेलं भरलेली असतात ना."

एर्मिलाने मका यंत्रात ओतला. नेयदीचा नवरा हा होल्काबच्या बेसबॉल संघाचा तिसऱ्या बेसवरचा गडी. मंगळवारी जगात कुठे बेसबॉल होत असेल तर होवो, या तालुक्याच्या लीगमध्ये तो रविवारीच होतो.

संघाचं नाव 'व्हेनादोस', म्हणजे हरणं. एर्मिलाच्या वडिलांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी घायपाताच्या मळ्यातलं काम संपवून, संध्याकाळ-संध्याकाळ दगड वेचून ते मैदान केलं होतं. वेचलेल्या दगडांचाच मैदानाभोवती गडगा घातला. त्या गडग्यावर तिसऱ्या बेसच्या मागे बसून एर्मिलाने आयुष्यभर सामने पाहिले. लग्न झालं त्या रविवारीसुद्धा देवळातून ती आधी इथेच आली होती. नवऱ्याला वाटलं, फोटो काढायला थांबलोय. तिला लिहिणं फारसं जमत नसे, पण अठ्ठ्याण्णव सालच्या अंतिम सामन्यातली एकेक धाव ती सांगू शके. तेवढं एकच अजिंक्यपद होल्काबच्या नशिबी आलं. तिच्या आवाजाला तालुक्यातले अंपायर वचकून असत. त्यातल्या एकाने तर एकदा खेळ थांबवून विचारलं होतं, "बाई, निर्णय तुम्ही देता की मी देऊ?"

शुक्रवारी सकाळी गर्दी ओसरल्यावर गास्पार तुझ आला. मोतोटॅक्सी चालवणारा हा पोट सुटलेला माणूस संघाचा मॅनेजर होता. पालथ्या बादलीवर बसून रविवारचा संघ एर्मिलापुढे मांडायचा, ही त्याची अकरा वर्षांची सवय. मॅनेजर तो, पण गावात कोण आहे आणि कोण नाही हे गिरणीलाच आधी कळायचं.

"तिसऱ्यावर कोण टाकू?" त्याने विचारलं.

"तूच उभा राहा. चेंडू पोटाला लागून थांबेल."

"चेष्टा नको, दोन्या. नऊ माणसं जमवता जमवता जीव जातोय."

"सांग, कोण कोण आहे?"

गास्पार बोटांवर मोजायला लागला. "पिचर रुसेल."

"चव्वेचाळीस वर्षांचा. चौथ्या डावानंतर त्याचा हात वर जात नाही, केस विंचरायला बायकोला बोलावतो."

"कॅचर फिदेल आहे."

"खाली बसला की उठत नाही, आणि उठला की बसत नाही."

"दोघे कांचे बंधू."

"बॅटिंगला बरे. पण एकमेकांशी अबोला आहे. दोघांच्या मध्ये चेंडू पडला की दोघंही बघत राहतात."

"एल्मेर."

इथे मात्र एर्मिलाने काही टोमणा मारला नाही. एल्मेर तिच्या भावाचा मुलगा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर तो उभा राहायचा, आणि तिथून गेलेला चेंडू गेल्या दोन वर्षांत तिला आठवत नव्हता. चोवीस वर्षांचा, घरात दोन लेकरं, पण कधी समुद्राकडे जायचं नाव काढलं नाही. कारण त्याच्या मधमाश्या होत्या. चाळीस पेट्या, जंगलाच्या कडेला.

"तो आहे तोवर माझी आशा आहे," ती म्हणाली. "दोन वर्षं काढ, गास्पार. रुसेलला पहिल्या बेसवर सरकव, धाकट्या कांचेला पिचिंग शिकव, मध्ये एल्मेर. त्याच्याभोवती संघ उभा करता येईल. तेवीस साली टोळांनी शेतं खाल्ली तेव्हा काय होतं आपल्याकडे? तेव्हाही असंच म्हणत होतास तू."

"तेव्हा माझ्याकडे चौदा गडी होते, दोन्या."



शनिवारी दुपारी एल्मेर स्वतःच गिरणीत आला. पायात चिखलाचे बूट तसेच. म्हणाला, "आत्या, जरा माझ्याबरोबर येतेस?" का, ते सांगेना. त्याच्या सायकलच्या मागे बसून ती जंगलाच्या कडेपर्यंत गेली.

तिथे नेहमी लांबूनच गुंजारव ऐकू यायचा. आज शांतता होती. पेट्यांपुढच्या मातीवर मेलेल्या माश्यांचा थर पडला होता, पाऊल ठेवायलाही जागा नाही. काही अजून पाय हलवत होत्या. एल्मेरने एक पेटी उघडून दाखवली, मग दुसरी, मग उघडायचं थांबवलं.

"पलीकडच्या मोठ्या शेतांवर परवा विमानाने औषध मारलं," तो म्हणाला. "सदतीस पेट्या गेल्या. तीन आहेत, त्याही आज-उद्या."

"तक्रार?"

"कोणाकडे करू? शेत कोणाचं आहे तेसुद्धा कोणाला माहीत नाही. रखवालदार म्हणतो, मालक इथले नाहीत."

एर्मिला खाली बसली. ओंजळीत माश्या घेतल्या. त्यांना वजनच नव्हतं. काय करावं ते न कळून तिने त्या पुन्हा जमिनीवर ठेवल्या, हळूच, जणू दुखेल त्यांना.

"नेयदीचा नवरा म्हणतो, तिथे लगेच काम आहे," एल्मेर म्हणाला. "सोमवारी सकाळी गाडी आहे. आत्या, तू सांग. तू राहा म्हणालीस तर राहीन."

तो हे मनापासून म्हणतोय हे तिला कळत होतं, आणि तीच खरी अडचण होती. जिभेच्या टोकावर शब्द होता. राहा. राहा रे बाबा, तू गेलास तर मागे काय उरणार आहे? पण ते बोलणारी त्याची आत्या नव्हती, गडग्यावरची बाई होती. आत्याला त्याची दोन लेकरं दिसत होती. नव्याने पेट्या बसवायला दोन-तीन वर्षं, आणि विमान पुन्हा येणार नाही कशावरून?

"मला काय विचारतोस," ती म्हणाली. "मी मका दळणारी बाई."

"आत्या."

"जा," ती म्हणाली. "उद्याचा सामना खेळ आणि जा."

रविवारी तो खेळला. तिसऱ्या बेसवर फिदेलच्या मेहुण्याला उभा केला होता. त्याला ग्लोव्ह कोणत्या हातात घालतात इथून सुरुवात. एल्मेर आपली जागा सांभाळून त्याचीही सांभाळत होता. पाचव्या डावात त्याने डावीकडे झेप घेऊन, गुडघ्यावर बसल्या बसल्या चेंडू असा फेकला की समोरच्या गावचे लोकही उठून उभे राहिले. तरी होल्काब सहा-चारने हरलं. एर्मिला तो संपूर्ण सामना ओरडली नाही. शेजारची बाई म्हणाली, "घसा बसलाय का?" एर्मिलाने मान हलवली.

सोमवारी एल्मेर गेला.

पुढच्या रविवारी सान कोस्मे गावचा संघ ट्रक भरून आला. बायकामुलं, भाजलेल्या डुकराचं मांस केळीच्या पानांत बांधलेलं, शीतपेयांचे खोके, सगळा थाट. होल्काबच्या बाजूला गास्पारला धरून आठ माणसं होती. अंपायरने घड्याळ पाहिलं. नियम साधा होता: वीस मिनिटांत नववा गडी आला नाही तर न खेळताच हार, नऊ-शून्य. असं आधी दोनदा झालं होतं. तिसऱ्यांदा झालं तर लीगमधून नाव जाणार.

गास्पारने एर्मिलाकडे पाहिलं. "दोन्या, आता एकच माणूस आहे."

तो कोण हे तिला सांगावं लागलं नाही. विल्बर्थ डझुल. सेंटर फील्डला धावायचा तेव्हा खरंच हरीण वाटायचा. पण दोन वर्षांपूर्वी तो नव्या पंथात गेला. रविवार देवाचा, त्या दिवशी खेळ नाही. गास्पार तीनदा जाऊन हात हलवत परत आला होता.

"मी जाते," एर्मिला म्हणाली.

मोतोटॅक्सीतून उतरून ती त्यांच्या प्रार्थनाघराच्या दाराशी गेली. पत्र्याची शेड, आत पंखे आणि जोरात गाणी. ती मारियामातेची भक्त, या उंबऱ्याशी कधी आली नव्हती. आत पाऊल टाकणं बरं दिसेना, म्हणून भरतकामाच्या पांढऱ्या इपिलमध्ये, आपल्या सैल झग्यात, दारातच उभी राहिली. बायका वळून बघायला लागल्या. पुढच्या रांगेतल्या विल्बर्थनेही पाहिलं. गाणं संपायची वाट पाहून तो बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पुस्तक.

"किती कमी आहेत?" त्याने विचारलं.

"एक."

त्याने मैदानाच्या दिशेला पाहिलं. सान कोस्मेच्या ट्रकमधलं संगीत इथवर ऐकू येत होतं.

"आज नाही आलास तर संघच राहणार नाही, विल्बर्थ. एका कोपऱ्यात नुसता उभा राहा. चेंडूला हातसुद्धा लावू नकोस."

"दोन्या, मला बोलवत जाऊ नका."

"पुन्हा नाही बोलावणार. आजच्यापुरतं."

"तसं नाही," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "यावंसं वाटतं मला. दर रविवारी वाटतं. दारू कशी सुटली ते तुम्हाला ठाऊक आहे. मी एकदा या दारातून तिकडे गेलो ना, तर सामना संपल्यावर कुठे जाईन, माझं मला सांगता येत नाही."

एर्मिलाला त्याचे ते दिवस आठवत होते. त्याची बायको तेव्हा उधार मका मागायला खाली मान घालून यायची. आता तिची बादली भरलेली असायची.

तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. "आत जा, बाळा. पुढचं गाणं सुरू झालं."

ती परत आली तेव्हा वेळ संपायला चार मिनिटं होती.  फिदेल गुडघ्याला पट्टी गुंडाळत बसला, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग अंपायरने टोपी काढली, दोन्ही कप्तानांना बोलावलं आणि वहीत लिहिलं. लिहून झाल्यावर तो मुद्दाम गडग्यापाशी आला.

"दोन्या एर्मिला, माझ्या हातात नव्हतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. त्याला शिव्या खायची सवय होती; तो बराच वेळ उभा राहिला, आणि मग अवघडून निघून गेला.

सान कोस्मेचे लोक भले. इतक्या लांब आलोय तर मैत्रीचा सामना खेळू, म्हणाले, आणि एक गडी उसना दिला. गास्पार हो म्हणाला. रुसेल पिचिंगला गेला. कांचे बंधूंच्या मध्ये उंच चेंडू आला आणि थोरला धाकट्याला ओरडला, "तुझा!" वर्षभरात पहिल्यांदा बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एर्मिलाला ते सगळं पाहवेना. मोजदाद नाही, निकाल नाही, हरायचीही सोय नाही. तिसऱ्या डावाला ती उठून घरी गेली. सामना अर्धवट टाकून ती कधी घरी गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

त्या महिन्याच्या शेवटी तालुक्याला लीगची बैठक झाली. गास्पार एकटाच गेला. परत येऊन म्हणाला, "पुढच्या हंगामाच्या यादीत नाव नाही. पंधरा गडी लिहून दिले तर पुन्हा विचार करू म्हणाले."

"पंधरा," एर्मिला म्हणाली.

"मी लिहायला बसलो होतो, दोन्या. सात झाले. त्यातला एक मी."

 मग त्याला गिऱ्हाईक आलं आणि तो गेला.

नोव्हेंबरात एका मंगळवारी एल्मेरचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. तिथे हॉटेलवाल्यांची लीग आहे, मंगळवारी खेळतात, दिव्यांखाली, हिरवंगार मैदान. नेयदीचा नवरा तिसऱ्यावर, तो मध्ये, आणि पूर्वी गेलेले होल्काबचे आणखी तिघे त्याच संघात. "आत्या, आपण पाच जण आहोत! सहा सामने झाले, सगळे जिंकलो."

"पिचर कोण?"

"ताबास्कोचा एक आहे. स्वयंपाकघरात असतो. काय टाकतो गं! तू बघायला पाहिजे होतंस."

"आणि नाव काय तुमच्या संघाचं?"

एल्मेर जरा थांबला. "हॉटेलचंच नाव आहे, आत्या."

"बरं," ती म्हणाली.

मग त्याने सहाव्या सामन्याची हकीकत सांगितली, पहिल्या डावापासून. ती कान देऊन ऐकत होती. डोळ्यांपुढे पाचही जण नीट दिसत होते, कोण कसा वाकतो, कोण थुंकून हात चोळतो. पण कोणाच्या बाजूने श्वास रोखून धरायचा ते तिला समजत नव्हतं. तो सांगत होता ती प्रत्येक धाव चांगली होती, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्याचा हिरमोड होऊ नये म्हणून ती मधून मधून विचारत राहिली, "मग? मग काय झालं?"