शिंदेकाकांचा फोन गप्प बसेना

ऑफिसात काम साचलं तर साहेब ओरडतात. पण किस्से साचले तर ओरडायचं कुणावर? एक सांगायला घ्यावा तोवर दुसरा दारात हजर! आमच्या उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या गोदामात सध्या सगळे किस्से एकाच गोष्टीचे. मोबाईलचं सेटिंग! आणि ते निस्तरायचं कुणी? मी. एकदा चुकून कुणाच्या तरी फोनवरची अक्षरं मोठी करून दिली, तेव्हापासून डिस्पॅचचं काम राहिलं बाजूला. मी आता ऑफिसची सेटिंगवाली मॅडम!

सुरुवात शिंदेकाकांपासून. काका गोदामाचे सुपरवायझर, मूळचे साताऱ्याकडचे. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी, गावाला आलेली. काकू तिच्यापाशी आणि काका इथे एकटे. साहेबांनी शब्द दिला होता, "बाळ झाल्याचा मेसेज आला की त्याच मिनिटाला रजा. तोवर नाही." झालं! काकांनी फोनचे असतील नसतील तेवढे आवाज चालू केले. तेही फुल्ल!

टिंग झालं की काका हातातलं टाकून उठणार, चष्मा शोधणार आणि मोठ्याने वाचणार, "साड्यांवर भरघोस सूट!" परत टिंग. "आपले वीजबिल तयार आहे!" दिवसभर हेच. माझं डोकं उठलं.

"काका, नको ते बंद करा की!"

"आन् त्याच्यातच लेकीचा आला मंजी?"

आता या माणसाला काय समजवायचं!

*

शेवटी एकदा जेवणाच्या सुट्टीत मीच फोन ओढून घेतला. भावकीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, सोसायटीच्या पाण्याचा ग्रुप, सगळे म्यूट. चालू फक्त काकू आणि लेक. ती दुपार अशी शांत गेली म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी मला अनोळखी नंबरवरून फोन. काकू! माझा नंबर अर्थातच काकांनी दिलेला.

"तुमीच का त्या म्याडम? सारी भावकी इचारतीया, आमास्नी गप करनारी ही कोन?"

काकांनी ग्रुपवर सरळ लिहून टाकलं होतं, "म्याडमनी तुम्हा सर्वांस बंद केले आहे. राग नसावा."

भावकीच ती, राग आलाच! संध्याकाळच्या आत मी सगळे ग्रुप पुन्हा चालू करून दिले. कोण नसत्या भांडणात पडतंय?

*

साहेबांची तऱ्हा आणखी वेगळी. ऑफिसच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं फार यायला लागली म्हणून त्यांनी सेटिंग बदललं. मेसेज फक्त ॲडमिन टाकणार. आणि ॲडमिन कोण? एकटे साहेब!

त्याच दिवशी त्यांनी टाकलं, "कांद्याचा कंटेनर तीन नंबरला लावा." तीन नंबरचं शटर सकाळपासून अडकलेलं. दुपारी साहेब लालबुंद होऊन बाहेर आले. "कंटेनर अजून रस्त्यावर? मला कुणी कळवलं का नाही?"

आमचे सलीमभाई, उरणचे, ट्रान्सपोर्टचं बघतात. ते चहा फुंकत म्हणाले, "कळवनार कसं साहेब? तुमीच आमचं तोंड बंद केलंय ना!"

"मग फोन करायचा!"

"केला ना. तुमी सायलेंटवर."

मी फाईलमागे तोंड लपवून हसले.

*

आणि मग एका सकाळी तो मेसेज आला. काकूंचा. अक्षर एक नाही, नुसता आवाज. काकांनी बोट लावलं आणि अख्ख्या ऑफिसात बाळाचं रडणं! सलीमभाई खुर्चीतून उठलेच. काकांचे डोळे भरून आले, माझेही.

"काका, मुलगा की मुलगी?"

"त्ये काय सांगितलं न्हाई. पन आवाज खणखणीत हाय!"

फोन लावल्यावर कळलं, नात!

काका पिशवी घेऊनच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब म्हणाले, "अभिनंदन! पण जहाज लागलंय, काका. एवढा माल निघू द्या, मग बघू."

मग बघू! असा संताप आला मला! शब्द देणारा माणूस हाच ना? काका मात्र पिशवी ठेवून परत कामाला लागले. संध्याकाळी माझ्या टेबलापाशी आले. "म्याडम, ती टिंग काढून हिचा आवाज लावता येतो का वं?"

लावून दिला. सगळ्या मेसेजना.

*

झालं! ओटीपी आला, नात रडली. गॅसची गाडी निघाली, नात रडली. हमाल दचकून पोत्यांच्या मागे बघायचे. या वेळी मात्र मी एका अक्षराने बोलले नाही.

परवा साहेबांकडे मोठ्या पार्टीची मीटिंग. त्या कंपनीच्या बाई समोर बसलेल्या, काका मालाची माहिती द्यायला उभे. आणि काकांच्या खिशातून रडणं सुरू! एकदा झालं, दोनदा झालं, मग थांबेचना. बाई बोलता बोलता थांबल्या.

साहेब दातओठ खात म्हणाले, "काका, गप्प करा आधी तिला!"

काकांनी फोन बाहेर काढून तळहातावर धरला.

"साहेब, ती हितनं कशी गप व्हईल? जवळ घ्याला पायजे."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

साहेबांनी घसा खाकरला. "काका, साताऱ्याची गाडी कितीला आहे?"