तू कशीही चालशील

"साडी सोड."

वहिनी बोलल्या. हळूच बोलल्या. बाहेर हळदीचा मांडव भरलेला, पावणे बसलेले. लग्नघरात आवाज चढवून कसं चालेल.

मला हाताला धरून मागच्या खोलीत आणलं होतं त्यांनी. कोल्ड्रिंकचे क्रेट, तांदळाच्या गोणी, आहेराची भांडी, आणि मध्ये मी. आणखी तीन बायका होत्या. सगळ्यांच्या अंगावर तीच पिवळी साडी, जी माझ्या अंगावर होती. मला वाटलं माझ्या निऱ्या सुटल्या असतील. मी खाली वाकून बघायला लागली.

"अगं सोड म्हणते ना. माझी जाऊ आलीय. येणार नव्हती, आली. तिला साडी नको का? ड्रोनवाला थांबलाय बाहेर."

"मग मी काय नेसू?"

"तुझं काय गं. तू कशीही चालशील."

रागाने बोलल्या असत्या तर मी पण चार सुनावल्या असत्या. माझी जीभ काही कमी तिखट नाही, चाळीत कोणालाही विचारा. पण त्या रागाने बोलल्याच नाहीत. पाणी आण म्हणावं तसं बोलल्या. मी हलत नाही बघून त्यांनीच माझ्या खांद्यावरची पिन काढली. फार जपून काढली. साडीला भोक पडू नये म्हणून.

वहिनी म्हणजे शेठची सून. कशेळीच्या बाजूला शेठची शेतं होती, आता तिथे गोडाऊन उभी आहेत. आम्ही त्यांच्याच चाळीत भाड्याने राहायचो. आमचं गाव लांब, अंबाडीच्या आत. लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर इकडे आली. ते कापडाच्या लूमवर, मी शिलाई मशीनवर. ब्लाऊज शिवते मी. त्या घरातल्या बायकांचे ब्लाऊज म्हणजे माझं घरचंच काम. तिकडून हाक आली की हातातलं टाकून जायचं. माप घ्यायला जायचं, द्यायला जायचं, आणि तिथे गेल्यावर भाकऱ्या चालू असल्या तर थापायलाही बसायचं.

या लोकांच्या हळदीत एक रीत आहे. भावकीतल्या सगळ्या बायका एकसारखी साडी नेसतात. हळदीला एक, लग्नाला दुसरी. लांबून बघितलं की कळतं, या घरच्या. शेठच्या घरी लग्न निघालं, साड्यांचे गठ्ठे आले, मी फॉल-पिको करून दिलं, सगळ्यांचे ब्लाऊज शिवले. एक साडी उरली. शेठची आई, आम्ही सगळे त्यांना मोठी आई बोलतो, त्या खाटेवर बसून सुपारी कातरत होत्या. मी विचारलं, ही कोणाची?

"धाकट्या नातसुनेची व्हती. ती यायची न्हाय. तूच नेस गो बाय. तू काय परकी हाय का? घरचीच हायस."

खरं सांगते, मी ती साडी छातीशी धरून घरी आणली. नवी साडी. कोऱ्या कापडाचा वास येणारी. माझा ब्लाऊज मी सगळ्यांच्या शेवटी शिवला आणि सगळ्यांपेक्षा चांगला शिवला. पाठीला खोल गळा, नॉट, त्याला मण्यांचे लटकन, बाहीला बारीक पायपिंग. लोकांना शिवून शिवून मला माहीत होतं काय शोभतं. कधी स्वतःला केलं नव्हतं. लेक बोलली, आई, तू ओळखूच येत नाहीस.

मांडवात गेली तर पावण्यांतली एक म्हातारी माझा हात धरून विचारते, "तू कोनाची गो सून?" मी नुसती हसली. नाही बोलायला हवं होतं, पण गोड वाटलं. थोडा वेळ वाटू दे म्हटलं. डीजे लागला, बायका गोलात नाचायला लागल्या, मला पण ओढलं कोणीतरी. मी नाचली. तेवढ्यात वहिनींनी दंडाला धरलं.

मागच्या खोलीत मी मोठ्या आईंकडे बघितलं. त्या दारात येऊन उभ्या होत्या. मला वाटलं आता त्या बोलतील, मीच दिली म्हणून. मी वाट बघितली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"दे गो काढून. लगनघरात वाद नको."

वाद? मी एक शब्द काढला नव्हता.

काढली साडी. निऱ्या माझ्याच हाताने सोडल्या. तीन बायकांसमोर परकर-ब्लाऊजवर उभी राहिली. एकीने तोंड फिरवलं, तेवढी तिची मेहरबानी. एकजण हसून बोलली, "मागून तर मला आपल्यातलीच वाटलेली." वहिनींनी खुंटीवरचा गाऊन फेकला माझ्याकडे. घरात घालायचा, गळ्याला तेलाचे डाग पडलेला.

संपलं नव्हतं अजून. जाऊबाई आत आल्या, साडी घेतली आणि बोलल्या, ब्लाऊजचं काय? वहिनी माझ्याकडे वळल्या. "तुझ्या पिशवीत सुई-दोरा असेलच ना? उसव जरा बाजूने, होईल तिला."

माझ्या पिशवीत सुई-दोरा असतोच. ब्लाऊजच्या आत मी दोन्ही बाजूंना जादा कापड सोडतेच, पुढे बाई जाड झाली तर शिवण सैल करता येते. तर मी गाऊन घालून, तांदळाच्या गोणीवर बसून, स्वतःचा ब्लाऊज स्वतः उसवला. अंगाची ऊब होती अजून त्याला. नवीन टाके घातले. बाहेर डीजेने भिंती हलत होत्या आणि माझा हात चालत होता. हाताला सवय. हाताला काय कळतं अपमान. जाऊबाईंना बरोबर बसला. त्या आरशात पाठ बघून बोलल्या, "लटकन मस्त लावलेत गं." आणि गेल्या.

मी मागच्या दाराने घरी आली. वहिनींच्या गाऊनवर, खांद्यावर टॉवेल टाकून. वर ड्रोन फिरत होता. त्यात मी आली असेन तर माहीत नाही.

नवरा दुसऱ्या शिफ्टला होता. लेकीने विचारलं, साडी कुठे गेली? मी सांगितलं. तिने गाऊन माझ्या डोक्यावरून काढून बादलीत टाकला आणि तिचा ड्रेस मला दिला. मग मी रडली. पोटातून रडली. त्या घरात एक थेंब आला नव्हता डोळ्यात.

दुसऱ्या दिवशी लग्न. सकाळीच त्यांच्याकडचा माणूस पिशवी घेऊन आला. आत साडी. वहिनींचीच, एकदा-दोनदा नेसलेली, पण भारीतली. निरोप होता की राग धरू नको, ही नेसून ये, वाढायला माणसं कमी आहेत.

ती ठेवायला मी कपाट उघडलं. आणि तशीच उभी राहिली.

ही वहिनींच्या डोहाळजेवणाची. ही त्यांच्या भावाच्या साखरपुड्याची. हिच्यावर वरण सांडलं म्हणून मला दिली. ही त्यांना आवडली नाही म्हणून दिली. प्रत्येक दिवाळीला एक. पदराला रफू केलेल्या, काठ बदललेल्या. कपाट भरलेलं, आणि त्यात मी निवडलेली एकही साडी नाही! माझ्या लग्नात मिळालेल्या होत्या त्या कधीच विरून गेल्या. लेक दहावी झाली तेव्हाचा फोटो भिंतीवर आहे. तिच्या बाजूला वहिनींची जांभळी साडी उभी आहे, तिच्यात मी आहे. इतकी वर्षं मला वाटायचं, मी नीटनेटकी राहते, चार लोकांत उठून दिसते. कसलं काय. मी त्यांच्या घरची जुनी चीज अंगावर घेऊन फिरत होती, आणि ते ओळखत होते. रस्त्यात भेटल्या की वहिनी माझ्या तोंडाकडे आधी बघायच्याच नाहीत. आधी साडीकडे बघायच्या. ते मला त्या दिवशी आठवलं.

लग्नाला गेली नाही. सगळ्या साड्या काढल्या. धुवायच्या होत्या त्या धुतल्या. इस्त्री केली, घड्या घातल्या. जुन्या चादरीत गाठोडं बांधलं. तो गाऊन पण घातला त्यात.

मांडव सुटायच्या दिवशी भर दुपारी गेली. ओटीवर बायका बसल्या होत्या, आहेर बघत होत्या. मी गाठोडं वहिनींच्या पुढ्यात ठेवलं.

"हे काय?"

"तुमच्या साड्या."

त्यांनी गाठ सोडून बघितलं. हसल्या. "वेडी की काय तू? वापरलेल्या साड्या परत कोण घेतं?"

"मी घेत होती ना."

मोठ्या आईंनी तेवढं विचारलं, "रागावलीस काय गो?"

"हो," मी बोलली. "रागावली."

शूर-बिर काही नव्हती मी. घरी येऊन दोन तांबे पाणी प्यायली. नवऱ्याने कपाट बघितलं, रिकामं. बोलले, "आता नेसशील काय?" चिडून नाही, काळजीनेच विचारलं. दोन पंजाबी ड्रेस आणि लेकीच्या ओढण्या, एवढंच होतं.

महिना संपायच्या आत निरोप आला, खोली पाहिजे आहे, पावणे राहायला येणार आहेत. पावणे आले नाहीत, हे मला नंतर कळलं. आम्ही धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत आलो. दिवसरात्र लूमची खटखट. जागा अर्धी, पाणी अर्धा तास. लेकीला कॉलेजला दोन रिक्षा बदलाव्या लागतात. हे सगळं माझ्यामुळे झालं. ती बोलत नाही, पण मला दिसतं. तरी परत कर म्हटलं तर परत तेच करीन.

थोडे दिवस गेले आणि साडी घ्यायला गेली. नाक्यावरच्याच दुकानात. एकटीच. दुकानदार बोलला, "आओ भाभी. कौनसा कलर दिखाऊं?"

मी साड्यांच्या थप्प्यांवरून नजर फिरवली.

"किसके लिए चाहिए?"

"मेरे लिए."

"तो बोलो ना, आपको क्या पसंद है?"

मला सांगता येईना. कोणाला काय शोभतं ते मी डोळे झाकून सांगते. गोरीला काय, सावळीला काय, बुटकीला केवढा काठ. आणि मला काय आवडतं? कोणी विचारलंच नव्हतं, मग मी पण विचारलं नव्हतं. त्याने दहा-पंधरा साड्या पसरल्या. मी प्रत्येक साडीवर वहिनींचं तोंड बघत होती. ही त्यांना आवडली असती, ही नसती आवडली. डोळे भरून आले. तो बिचारा घाबरला, बोलला, "क्या हुआ भाभी, पानी दूं?" काही न घेता बाहेर पडली.

परत गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा घेतली. चिंचोक्याच्या रंगाची, सुती, काठ बारीक. लेक बोलली, "आई, हा म्हाताऱ्यांचा कलर आहे." असेल. नेसून आरशात बघितलं. फार काही शोभली नाही मला. पण ती बघून दुसरं कोणी आठवलं नाही. एवढं पुरे झालं.

गेल्या पावसाळ्यात जुन्या चाळीतली एक बाई वारली. शेठच्या घरी भांडी घासायची. मी गेली होती. आमच्यात बाई गेली की नातेवाईक, ओळखीचे मयतावर साड्या घालतात. तिच्या माहेरची आली, भावजयीची आली. मग वहिनी आल्या. रेशमी साडी, जरीचा पदर. त्यांनी ती उघडून सगळ्यांत वर पसरली, नीट, कोपरे ओढून. बायका कुजबुजल्या, "नशीबवान गो, केवढी भारी साडी मिलली." जन्मभर त्या बाईने उतरलेलं नेसलं. आणि नवी मिळाली तेव्हा हात हलवून बाजूला सारता येत नव्हती तिला. मला ती ओढून काढावीशी वाटली. काढली नाही. तिच्या पोरांचा चेहरा बघितला आणि मागे सरली.

घरी आली, आंघोळ केली आणि लेकीला समोर बसवलं.

"ऐक. मी मेली की त्या घरातून साडी येईल. भारीतली येईल. चार माणसांसमोर घालतील माझ्यावर."

"आई, काय बोलतेस तू हे?"

"घालू द्यायची नाही."

"अगं, मयताच्या घरी कोण भांडतं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मला तेव्हा बोलता येणार नाही. तू बोलायचं. साडी घ्यायची आणि आणणारीच्या हातात परत द्यायची. सगळ्यांच्या देखत."