बादली घेऊन बसलेली बाई

आत्ताच घरी आलेय. हाताला अजून घाणेरीचा वास येतोय, पण आधी हे लिहिते.

आपला ग्रुप दर रविवारी गंगापूर रोडच्या आपल्या कॉलनीच्या बागेत बाहेरून आलेली झुडपं काढून इथली झाडं लावतो, हे तुम्हाला माहीतच आहे. आज कुंपणाजवळची घाणेरीची मोठी जाळी मुळासकट काढली आणि तिथे निरगुडीची रोपं लावली. ग्रुपचे भामरेकाका एकदम खूश. फोटोबिटो झाले.

सकाळपासून एक बाई भरलेली बादली घेऊन लांब बसली होती. शेजारच्या बांधकामावर कामाला आलेली, पेठ तालुक्यातली. मला वाटलं, आमच्या रोपांसाठी पाणी आणलंय. मी कौतुकाने म्हटलं, "ताई, द्या इकडे, मी घालते रोपांना."

ती हळूच म्हणाली, "झाडाला नाय, बाई. आमी बाया त्या जाळीमागं आंघोळ करायचो. तुमी जायाची वाट बघत होते."

मी स्वतः बाई असून हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

काकांनी 'देशी झाडे लावा' लिहिलेला आमचा बॅनर सोडला आणि कोपऱ्यात दोन बांबूंना बांधून दिला. ती बाई बादली घेऊन बॅनरमागे गेली. आम्ही पाठ फिरवून कुदळी गोळा केल्या.

निरगुडी डोक्याएवढी व्हायला बराच वेळ आहे, आणि बॅनर छातीपर्यंतच येतो. कोणाकडे जुनी ताडपत्री आहे का? असेल तर आजच कळवा. त्या बायकांना उद्या सकाळीही आंघोळ करायची आहे.