बांधावरची एक्केचाळीस पावलं

चुनीलाल बांध मोजतात, हे प्रकाशा गावाच्या शिवारात सगळ्यांना ठाऊक होतं. रोज सकाळी ते केळीच्या बाजूने बांधावर चढायचे आणि टाचेला चवडा लावत एकेक पाऊल टाकायचे. मागून त्यांच्या बायकोने, जसोदाबाईंनी, मोठ्याने आकडे म्हणायचे. समोरच्या निंबाच्या खोडावर चुन्याचा ठिपकाही लावलेला. बांध कोरून शेत वाढवायचा बेत आहे, याला आणखी काय पुरावा पाहिजे?

बांधापलीकडचा ऊस इंद्रसिंगांचा. बातमी त्यांच्याच ओट्यावर शिजली आणि त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने, दामिनीने, ती गावभर चालवली. बस थांब्यावर, लोणखेड्याच्या कॉलेजच्या व्हरांड्यात ती मान डावी-उजवी हलवत चुनीकाकांची चाल करून दाखवायची आणि हुबेहूब जसोदाबाईंच्या आवाजात मोजायची, ‘‘तीन... चार... ओ, पडशात ना!’’ पोरी पोट धरून हसायच्या. त्या ‘पडशात’कडे, म्हणजे ‘पडाल’कडे, लक्ष कोणाचंच गेलं नाही, नक्कल करणारीचंसुद्धा नाही.

बांध कोणी मोजत नव्हतं. बासष्टाव्या वर्षी चुनीलाल चालायला शिकत होते.

आषाढात त्यांना सर्दी-ताप झाला. तो उतरला आणि एका सकाळी डोळे उघडले तर छत गरगर फिरत होतं. तीन दिवस उलट्या. पुढे छत थांबलं, पण जमीन थांबेना. कोणी हाक मारली आणि मान वळवली की आख्खी केळीची बाग उशिराने मागून वळायची. नंदुरबारच्या हीना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ‘‘काका, उजव्या कानाच्या आत तोल सांभाळणारी नस असते, ती सुजून अधू झालीय. आता उरलेल्यावर भागवायला मेंदूला शिकवायचं. एका ठिपक्यावर नजर ठेवून मान हलवा. मग एका रेषेत चाला, पण एकटे नाही. सुरुवातीला चक्कर येईल.’’

‘‘चक्करनी दवा बी चक्करच का?’’

‘‘थोडी सोसली तरच जाईल. घाबरून पडून राहिलात तर मेंदू शिकणार नाही.’’

त्याच संध्याकाळी सुरतहून मुलाचा, हेमकांतचा फोन. ‘‘बापू, आते एकदाव पडनात ना, तं शेत बटाईले देऊ. तुम्ही दोन्ही आठे सुरतले या.’’ तेव्हापासून सुरतेला एकच उत्तर जायचं, ‘‘मस्त शे.’’ घरात फरशी होती, पण चुनीलाल म्हणायचे, ‘‘मन्ही केळी काय फरशीवर शे?’’ म्हणून बांध.

मग इंद्रसिंगांनी राम राम घालणं बंद केलं. चाळीस वर्षांचे शेजारी, पाण्याच्या पाळीवरूनही कधी आवाज चढला नव्हता. का, ते चुनीलालना कळलं. एका वाक्यात सगळं मिटलं असतं, पण ते वाक्य दिवस मावळायच्या आत सुरतेला पोचलं असतं. त्यापेक्षा लोकांनी आपल्याला बांधकोऱ्या म्हटलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं. त्या रात्रीपासून त्यांचं जेवण कमी झालं.

कार्तिकात एका सकाळी मागून इंद्रसिंगांचा आवाज आला, ‘‘चुनीभाऊ, मी मोजणीना अर्ज करी टाका.’’

चुनीलालनी झटकन मान वळवली. बांध पायाखालून सरकला आणि ते केळीच्या चिखलात बसले. जसोदाबाई मग थांबल्या नाहीत. ‘‘बांध कोन मोजस? मी यास्नी पावलं मोजस. कान बिघडेल शे यास्ना.’’ आषाढापासूनचं सगळं सांगून टाकलं.

इंद्रसिंग खाली उतरले, त्यांना हाताला धरून वर घेतलं आणि खिशातून फोन काढला. ‘‘हेमकांतले मी सांगस. उद्या पाटमा पडशी तं?’’

‘‘थांब,’’ चुनीलाल म्हणाले.

दामिनी बापाच्या मागे उभी होती. म्हणाली, ‘‘काका, यामा काय शे? मी तं रोज करस.’’

चुनीलालनी तिच्याकडे पाहिलं, हळू मान वळवून. ‘‘करी दखाड, पोरी. ठिपकावर नजर, मान हालती, निंबलोंग चाल. तू पोचनी अन् मी पडनू, तं तुन्हा बाप फोन करी. तू पडनी अन् मी पोचनू, तं मी स्वतः करसू. अन् जठे मन्ही नक्कल करी, तठे तू खरं सांगशी.’’

‘‘लावी पैज.’’

ती हसतच निघाली. अकराव्या पावलाला ठिपका नाचायला लागला, सतराव्याला ती बापाच्या उसात. मग चुनीलाल. एकोणतीसवर ते थांबले, डोळे ठिपक्यावर, हात पसरलेले, कपाळावर घाम. जसोदाबाईंनी आकडे सोडून त्यांना सावरायला हात पुढे केले, म्हणून पुढचे आकडे इंद्रसिंगांनी म्हटले. एक्केचाळीसला चुनीलालनी निंबाला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही.

तिथेच उभं राहून फोन केला. सगळं सांगितलं, चिखलासकट. हेमकांत म्हणाला, ‘‘होळीलोंग देखू.’’ म्हणजे शेत होळीपर्यंत त्यांचं. अर्ज मागे घेतला का, ते इंद्रसिंगांनी अजून सांगितलेलं नाही.

दामिनीने बस थांब्यावर सांगितलं, व्हरांड्यात सांगितलं. पण बातमी तिच्या पायांपेक्षा लांब गेली होती. म्हणून हे कागदावर लिहिलं आहे, आणि सतराव्या पावलाला पडलेली ती दामिनी म्हणजे हे लिहिणारीच.