वेळ दिल्याबद्दल धन्यवाद

चार जण मिळून नोकरी शोधायला लागले की नोकरी मिळायच्या आधी किस्सेच मिळतात. आमच्याकडे ते इतके साठलेत की स्वप्नील म्हणतो, बायोडेटात एक वेगळा रकाना करून टाकू.

आम्ही चौघं म्हणजे मी, स्वप्नील, भूषण आणि मृणाल. भिलाईच्या एका कॉलेजात एमबीए फायनान्सला होतो. चौघांचेही वडील स्टील प्लांटमध्ये, घरात वऱ्हाडी वळणाची मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी. प्लेसमेंटच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की मुंबईच्या फायनान्स कंपन्या इथवर येत नाहीत, आपणच तिथल्या सीनियर लोकांना फोन करायचे. वीस मिनिटं मागायची, त्यांच्या कामाबद्दल विचारायचं, पहिल्या कॉलला नोकरीचं नावही काढायचं नाही. आणि प्रोफेशनल राहायचं.

प्रोफेशनल म्हणजे नेमकं कसं, ते सरांनी सांगितलं नाही. मृणालला मात्र ते आधीपासूनच येत होतं. माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती तिथून.

*

पहिला कॉल स्वप्नीलचा. समोर एका बँकेत रिस्क सांभाळणारे सर, मूळचे भिलाईचे. आता आमच्या गावात कोणीही भेटला की आधी टाउनशिपमधला सेक्टर विचारतात, मग स्ट्रीट, मग वडिलांचं डिपार्टमेंट. माणसाचं नाव त्यानंतर.

स्वप्नीलने तेच केलं. "सर, आप कौन से सेक्टर के?"

सर खुलले. सेक्टर झाला, स्ट्रीट झाली, शाळा झाली. शेवटी निष्पन्न झालं की दोघांनीही गणिताच्या ट्यूशनला एकाच मास्तरांचा मार खाल्लेला आहे, फक्त बारा वर्षांच्या अंतराने. तेवढ्यात वीस मिनिटं संपली.

स्वप्नील छाती फुगवून आला. "काम झालं भाऊ. सर आपलेच निघाले."

"काम काय करतात ते?"

"ते पुसाचं राहून गेलं."

*

दुसरा कॉल माझा, म्हणून हसू नका. दुपारी तीनची वेळ होती. बाबा कोक ओव्हनची, म्हणजे प्लांटच्या कोळसाभट्टीची, पहिली शिफ्ट करून आले होते आणि जेवून खाटेवर पडले होते. मी समोरच्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून, "सर, आपका करियर कैसे शुरू हुआ," वगैरे चालू केलं. तिसऱ्या मिनिटाला मागून हात आला आणि फोन गेला.

"नमस्कार साहेब. पोरगं हुशार आहे. कुठी तरी लावून द्या."

साहेब "जी, देखते हैं" म्हणाले आणि कॉल संपला. मी बाबांवर चिडलो. म्हटलं, पहिल्या कॉलला नोकरी मागायची नसते.

बाबा खरोखर गोंधळले. "मंग फोन कावून लावला? तिथलं हवापाणी पुसाले?"



*

आता मृणाल. सेक्टर दोनला राहते. तिच्याकडे एक निळी वही आहे. प्रत्येक कॉलसाठी एक पान, पानावर सहा प्रश्न. लोक तिला वीस मिनिटं देतात आणि चाळीस मिनिटं बोलतात. एका सरांनी तर आपल्या जुन्या नोट्स स्कॅन करून पाठवल्या. कॉल संपला की दहा मिनिटांच्या आत तिचा मेसेज जातो, ठरलेला: "वेळ दिल्याबद्दल धन्यवाद. तुमच्याकडून एक गोष्ट शिकले," आणि पुढे ती गोष्ट, एका ओळीत.

नोट्स आल्याचं तिने कँटीनमध्ये सांगितलं तेव्हा मी "अरे वा" म्हणालो. हातातला समोसा मात्र तसाच राहिला. मला वाटायचं, हिला सगळं आयतं मिळतं. बोलणं मिळालं, अक्षर मिळालं, वर घरचेही शहाणे असणार. हिच्या कॉलमध्ये काही कोणाचे बाबा घुसत नाहीत.

*

मग मी ठरवलं, निदान धन्यवादात तरी तिला मागे टाकायचं. एका सरांशी चारला कॉल होता. मी सकाळीच मेसेज लिहून तो आपोआप जायची वेळ फोनला लावून ठेवली: चार वाजून एकवीस मिनिटं. मृणालची दहा मिनिटं, माझं एक.

सरांची मीटिंग आली. त्यांनी चारला पाच कमी असताना कळवलं, उद्या बोलू. मी "जी सर" म्हटलं आणि चहाला गेलो.

चार एकवीसला मेसेज गेला. "वेळ दिल्याबद्दल धन्यवाद. तुमच्याकडून संयमाचं महत्त्व शिकलो."

सरांचं उत्तर आलं, "अजून शिकवलं नाही. उद्या शिकवतो."

*

भूषणचा किस्सा छोटा आहे. त्याने एकाच कंपनीतल्या दोघांना एकच मेसेज पाठवला: "सर, मला तुमचा प्रवास सगळ्यात जास्त प्रेरणादायी वाटतो." अर्ध्या तासात दोघांचा मिळून एक फोटो आला. शेजारी-शेजारी खुर्च्या, दोघांच्या हातात आपापला फोन. खाली लिहिलं होतं, "ठरवून कळव."

भूषण दोन दिवस खरंच ठरवत होता.

*

आणि मग शुभांगी मॅडम आल्या. म्हणजे फोनवर आल्या. त्याही भिलाईच्याच, आता मुंबईत एका मोठ्या फंड कंपनीत. त्यांनी प्लेसमेंटच्या सरांना कळवलं की उन्हाळ्यात त्यांच्या टीमला एकच इंटर्न हवाय. आम्हा चौघांशी त्या बोलतील आणि एक नाव पुढे पाठवतील. माझा कॉल तिसरा होता, मृणालचा दुसऱ्या दिवशी, शेवटचा.

ते एक नाव मला हवं होतं. मुंबई हवी होती हे खरं, पण मृणालला ती मिळू नये हे जरा जास्तच हवं होतं. आता लपवून काय करू?

माझ्या कॉलच्या आदल्या दिवशी लायब्ररीत ती वही टेबलावर टाकून ऑफिसात सही आणायला गेली. मी मॅडमच्या पानाचा फोटो काढला. घरी येऊन पहिले पाच प्रश्न पाठ केले. पाच पुष्कळ झाले असं वाटलं.

कॉल असा रंगला की विचारू नका. मॅडम दोनदा म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे." पाच प्रश्न संपले, चार मिनिटं उरली. मॅडम म्हणाल्या, "अजून काही, अमोल?"

मी फोटो खाली सरकवला आणि सहावा वाचून टाकला.

"मॅडम, मुलीला एकटीला मुंबईला पाठवायला तुमचे बाबा तयार कसे झाले? माझे तर ऐकतच नाहीत."

शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि मग मला अर्थ कळला.

मॅडम म्हणाल्या, "हा तुझा प्रश्न नाही."

"नाही मॅडम."

"आधीचे पाच?"

"तेही नाहीत. मृणालचे आहेत. तिचा उद्या कॉल आहे."

"तिला सांग, उद्या बाबांना सोबत घेऊन बस. आणि हे तूच सांगायचं, घरी जाऊन."

मी गेलो. सेक्टर दोनपर्यंत सायकल हातात धरून चालत गेलो, कारण लवकर पोचायचं नव्हतं. दार मृणालनेच उघडलं.

"मी तुया वहीचा फोटो काढला होता," मी म्हटलं. "मॅडमले सगळं पुसून टाकलं."

"सहावा पण?"

"सहावा पण."

तिने मागे वळून पाहिलं. "हळू बोल. बाबा घरातच आहेत. मी असे कॉल करते हे त्याईले माहीत नाही."

मॅडमचा निरोप मी तिथेच उभ्या उभ्या सांगितला. तिने दार लावलं, तेही आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी चारला तिचा कॉल होता. पाच वाजले तरी काही कळेना. सव्वापाचला माझा फोन वाजला. मृणालचा मेसेज होता.

"अमोल, काल घरी येण्यासाठी वेळ दिल्याबद्दल धन्यवाद. तुझ्याकडून एक गोष्ट शिकले, वही टेबलावर ठेवून उठायचं नाही. बाबांनी मॅडमना आधी सेक्टर विचारला, मग मला मुंबईला पाठवायला हो म्हणाले."